रन ऑफ द मिल

नागपूर, गुरुवार, रात्री

वार्षिक मूल्यमापनाचा कागद आज हाती आला आणि माझ्या कामापुढे वरिष्ठांनी ‘रन ऑफ द मिल’ असा इंग्रजी शेरा मारलेला दिसला. चाकोरीतले, चारचौघांसारखे, विशेष दखल घेण्याजोगे काही नसलेले, हा त्याचा आजचा अर्थ आणि साहेबांनाही तोच अभिप्रेत असणार. भाषणापासून जेवणापर्यंत कशालाही तो लावतात. लावताना नाक मात्र थोडे मुरडलेले असते.

मुळात त्यात हिणवणे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी व्यापारात गिरणीतून निघाला तसा, प्रत न लावलेला माल एवढेच त्यातून कळे; सुबक विणीचे ठाण आणि धागा तुटलेले ठाण एकाच गठ्ठ्यात. आपल्या बाजारातला ‘सरसकट’ त्याच्या बराच जवळचा आहे. हा वाक्प्रचार तिकडे रुळत होता त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे आणि तेथे फिरणाऱ्या तरुणांना ‘मिल’ म्हटले की पिठाची गिरणी आठवत असावी.

कोळशाच्या व्यवहारात मात्र या वाक्प्रचाराचे भावंड अजून नांदते आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरातच असल्यामुळे आम्हा वाहतूकवाल्यांच्या कागदांवर ‘आरओएम’, म्हणजे रन ऑफ माइन, ही अक्षरे सतत दिसतात. हा कोळसा आकारानुसार चाळलेला नसतो, त्यामुळे दोन हातांनी न उचलणारे ढेकूळ आणि बोटांना चिकटणारी भुकटी एकाच ट्रकमधून येतात. म्हणून तो हलका ठरत नाही. त्याची प्रत उष्मांकावरून जी-१ ते जी-१७ अशी वेगळी लावलेली असते, आणि औष्णिक वीज केंद्रात तर तो शेवटी दळूनच जाळायचा असतो.

त्या अर्थाने शेरा मला मान्य आहे. काट्याच्या पावत्या जुळवणे हेच माझे बहुतेक काम. पण पावसाळ्यात भिजलेल्या कोळशाच्या वजनावरून एक खरेदीदार हमरीतुमरीवर आला, तेव्हा भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकच्या नोंदी त्याच्यापुढे मांडून देयक त्याच दिवशी मंजूर करून घेतले, तेही याच ढिगातले आहे, फक्त ते कोणी चाळून वेगळे काढले नाही.