मेल खरा की खोटा ठरवत बसू नका, वाट बदला

'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट तुमच्यापैकी अनेकांनी वापरली असेल. आपला ईमेल पत्ता टाकला की तो आजवर कोणकोणत्या डेटाचोरीत बाहेर पडलाय, ते ती सांगते. ट्रॉय हंट यांनी ती २०१३ साली सुरू केली. ऑनलाइन सुरक्षा लोकांना शिकवणं हेच त्यांचं काम. मार्च २०२५ मध्ये याच हंट यांनी एका बनावट पानावर आपला पासवर्ड टाकला आणि पाठोपाठ ओटीपीही टाकला. मेल त्यांच्या न्यूजलेटर सेवेच्या नावाने आला होता. स्पॅमची तक्रार आल्यामुळे मेल पाठवण्याची तुमची सोय तूर्त थांबवली आहे, येऊन तपासा, एवढंच त्यात होतं. ते लांबच्या प्रवासाने थकलेले होते. काही मिनिटांत त्यांच्या यादीतले सुमारे १६,००० पत्ते चोरांनी उतरवून घेतले. हंट यांनी त्याच दिवशी सगळं जाहीर करून तपशीलवार लिहिलं, म्हणून आज आपल्याला त्यातून शिकता येतं.

त्या हकिगतीतली एक बारीक गोष्ट फार मोलाची आहे. त्यांच्या पासवर्ड मॅनेजरने, म्हणजे पासवर्ड जपून ठेवून लॉगिनच्या वेळी ते भरणाऱ्या ॲपने, त्या पानावर पासवर्ड आपोआप भरला नाही. पान हुबेहूब होतं, पण वर ब्राउझरमध्ये दिसणारा साइटचा पत्ता वेगळा होता, आणि मॅनेजर पानाचं रूप बघतच नाही, फक्त पत्ता जुळवतो. माणूस फसला तेव्हाही यंत्राने बरोबर ओळखलं होतं. फक्त ते गप्प राहिलं आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ घाईत लक्षात आला नाही. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर एवढी सवय लावाच: रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल, तर तो हाताने कॉपी करून चिकटवायचा नाही. आधी हात थांबवायचा आणि वरचा पत्ता वाचायचा.

पत्ता वाचायचा म्हणजे नेमकं काय, हे बहुतेक ठिकाणी अर्धवटच सांगितलं जातं. समजा पत्ता असा आहे: अकाउंट्स डॉट एक्झाम्पल डॉट कॉम डॉट व्हेरिफाय-युजर डॉट नेट स्लॅश लॉगिन. डोळा डावीकडून वाचत जातो, 'एक्झाम्पल डॉट कॉम' दिसलं की निश्चिंत होतो. पण वाचायचं उलट दिशेने. सुरुवातीच्या एचटीटीपीएसनंतरचे दोन स्लॅश सोडा, त्यापुढचा पहिला एकटा स्लॅश शोधा आणि तिथून डावीकडे सरका. पहिले दोन तुकडे कोणते? 'नेट' आणि 'व्हेरिफाय-युजर'. ही साइट व्हेरिफाय-युजर डॉट नेटच्या मालकाची. त्याच्या डावीकडे तो मालक वाटेल ते लिहू शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. शेवटच जिथे दोन तुकड्यांचा असतो, उदाहरणार्थ को डॉट यूके, तिथे तीन तुकडे धरायचे. स्लॅशच्या उजवीकडे कितीही ओळखीचं नाव असलं तरी त्याला काडीची किंमत नाही, ते नुसतं पानाचं नाव असतं.

आणखी दोन क्लृप्त्या इथेच लपतात. पत्त्यात स्लॅशच्या आधी ॲटचं चिन्ह असेल तर त्याच्या डावीकडचा मजकूर ब्राउझर साइटचं नाव धरतच नाही, खरी साइट त्या चिन्हानंतर सुरू होते. दुसरी, दिसायला सारखी अक्षरं. इंग्रजीतले छोटे आर आणि एन शेजारी आले की लहान स्क्रीनवर ते एम वाटतात. रशियन लिपीतला 'ए' तर इंग्रजी 'ए'सारखाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो वेगळाच. असा पत्ता ब्राउझरने उघडा पाडला तर तो एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होतो. इंग्रजी नावाच्या साइटवर अशी सुरुवात दिसली तर तिथून लगेच बाहेर पडा. हा फरक डोळ्यांना टिपता येईलच असं नाही, पासवर्ड मॅनेजर मात्र अचूक टिपतो. म्हणून त्याच्यावर माझा भर आहे.

कुलपाच्या चिन्हाबद्दलचा गैरसमज अजून गेलेला नाही. कुलूप एवढंच सांगायचं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येणार नाही. साइट चोराची असेल तर चोराशी गुप्तपणे बोलणं झालं, इतकंच. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र आज फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. लोक कुलपाला सचोटीची खूण समजतात हे ओळखूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

पाठवणाऱ्याचं नाव हेही तसंच. ईमेलचा मूळ नियम १९८२ सालचा, आणि त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणाचंही नाव लिहून ते पेटीत टाकावं, तसं. फोनवरची बरीच ॲप्स फक्त नाव दाखवतात, त्यावर टिचकी मारल्याशिवाय पत्ता दिसत नाही. जीमेल संगणकावर उघडलं असेल तर मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पाठवणाऱ्याचं डोमेन (पत्त्यातलं ॲटनंतरचं नाव) तपासणाऱ्या चाचण्यांचे निकाल दिसतात. 'फेल' असेल तर संशयाला भक्कम जागा आहे, जरी कुणी पुढे पाठवलेल्या खऱ्या मेललाही कधी कधी एसपीएफमध्ये फेल मिळतो. 'पास'वर मात्र विसंबू नका. पास म्हणजे मेल त्या डोमेनकडूनच आला, आणि ते डोमेन चोराने स्वतः विकत घेतलेलं असू शकतं.

शुद्धलेखनाच्या चुका शोधा, हा सल्ला आता सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. भाषेची एआय मॉडेल्स हाताशी असताना चोराला निर्दोष मराठीही लिहिता येते. चूक सापडली तर मेल संशयास्पद हे ठीक. पण चूक सापडली नाही म्हणून मेल खरा, असा उलटा निष्कर्ष मनात नकळत तयार होतो आणि तोच घात करतो. त्यापेक्षा मेल काय मागतोय ते बघा. लिंक उघडा, फाइल उघडा, क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे पाठवा, कोड सांगा, यांपैकी काही मागत असेल आणि सोबत मुदतीचा धाक असेल, तर भाषा कितीही सुरेख असो, त्या मेलमधून पुढे जायचं नाही. क्यूआर कोड मेलमध्ये टाकण्याचं कारण साधं आहे: लिंक चित्रात दडवली की मेल तपासणाऱ्या यंत्रणेच्या हाती लागणं अवघड होतं, आणि तुम्ही संगणकावरून फोनवर जाता, जिथे पत्ता आखूड दिसतो.

मग करायचं काय? वाट बदलायची. खात्यात काही गडबड आहे असं मेल म्हणतो ना? मेल बाजूला ठेवा, ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करा किंवा जपून ठेवलेल्या बुकमार्कने जा आणि खात्यात बघा. गडबड असेल तर तिथे दिसेलच.

हे किती कामाचं आहे, ते २०१६ च्या एका प्रकरणात दिसतं. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना मार्चमध्ये गूगलच्या नावाने मेल आला: कुणाकडे तरी तुमचा पासवर्ड आहे, बदला. तो मोहिमेच्या तंत्रज्ञाला दाखवला गेला. 'मेल खरा आहे' असं चुकीचं उत्तर आलं, पण त्याच उत्तरात पासवर्ड बदलण्यासाठी गूगलचा खरा पत्ताही दिलेला होता. क्लिक मात्र झालं मूळ मेलमधल्या लिंकवर. खऱ्या पत्त्यावरून पासवर्ड बदलला असता, तर मेल ओळखण्यात चूक होऊनही काही बिघडलं नसतं.

पैशांच्या बाबतीत हीच गोष्ट फोनने करायची. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कस याने २०१३ ते २०१५ या काळात एका खऱ्या पुरवठादाराच्या नावाची कंपनी उभी करून गूगल आणि फेसबुकला खोटी बिलं पाठवली आणि १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. २०१९ मध्ये त्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. अशा मेलमध्ये ना व्हायरस लागतो ना बनावट लॉगिन. म्हणून 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा मेल आला की पूर्वीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये छापलेल्या नंबरवर नको.

ओटीपी असूनही लोक का फसतात, असं बरेच जण विचारतात. बनावट पान मधल्या दलालासारखं काम करतं. तुम्ही टाकलेला पासवर्ड ते त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं, खरी साइट तुम्हाला खराच ओटीपी पाठवते, तुम्ही तो बनावट पानावर टाकता आणि तोही पुढे जातो. ओटीपी तयार करणाऱ्या ॲपमधला सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, पण यंत्राला दोन सेकंदही पुरतात. पासकीचं, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या फोनमध्ये किंवा संगणकात राहणाऱ्या गुप्त किल्लीचं, तसं नाही. ती त्या साइटच्या पत्त्यालाच बांधलेली असते, दुसऱ्या पत्त्यावर ब्राउझर ती पुढेच करत नाही, त्यामुळे तुम्हाला फसवून ती काढून घेता येत नाही. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर निदान ईमेल खात्याला आज पासकी लावा, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचं 'पासवर्ड विसरलात?' याच मेलबॉक्समध्ये येतं. पासकी नसेल तिथे ओटीपी चालू ठेवाच. नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

माहिती आधीच कमी सांडलेली असेल तर गळाला लावायला आमिषही कमी मिळतं. 'तुमची पहिली शाळा कोणती' यासारख्या प्रश्नांना खरं उत्तर देऊ नका. मॅनेजरमध्ये एक अर्थहीन शब्द तयार करून तोच उत्तर म्हणून जपा. ओळखपत्राची प्रत पाठवावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कोणासाठी, कोणत्या कामासाठी, कोणती तारीख. पुन्हा दुसरीकडे वापरायला ती अवघड जाते. आणि खरेदीसाठी एक, बँकेसाठी दुसरा असे ईमेल पत्ते वेगळे ठेवा. खरेदीच्या पत्त्यावर बँकेचा मेल आला, तर पुढे वाचायचीही गरज नाही.

आता, क्लिक झालंच तर. नुसती लिंक उघडली आणि काही टाकलं नाही, तर ब्राउझर अद्ययावत असल्यास बहुधा नुकसान होत नाही. टॅब बंद करा. फाइल उतरवून उघडली असेल तर इंटरनेट तोडा आणि पुढची सगळी कामं दुसऱ्या उपकरणावरून करा. कार्डाचा तपशील दिला असेल तर कार्डामागच्या नंबरवर लगेच फोन. पासवर्ड दिला असेल तर स्वतःच्या वाटेने जाऊन तो बदला, तोच आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला, मग 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हे दाबा. चोर आत शिरलेला असला तर नुसता पासवर्ड बदलून तो प्रत्येक वेळी बाहेर पडत नाही.

आणि इथेच बरेच जण थांबतात, तेव्हा थांबू नका. मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडा. चोर आत आला की एक बारीकसा नियम करून ठेवतो: 'बँक' किंवा 'पासवर्ड' शब्द असलेला मेल एका अनोळखी पत्त्यावर पाठव आणि इथून कचऱ्यात टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो आणि तुम्हाला इशारे दिसतच नाहीत. परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि पर्यायी ईमेल अजून तुमचाच आहे ना, तेही बघा. शिवाय खात्याला जोडलेल्या ॲप्सची यादी. मे २०१७ मध्ये गूगल डॉक्सच्या नावाने पसरलेल्या मेलने पासवर्ड मागितलाच नव्हता, नुसतं 'परवानगी द्या' म्हटलं होतं. अशी परवानगी पासवर्ड बदलून जाईलच याचा भरवसा नसतो, ती यादीतून हाताने काढावी लागते. शेवटी 'पाठवलेले' आणि 'कचरा' हे दोन्ही फोल्डर चाळा. तुमच्या नावाने कुणाला मेल गेले असतील तर त्या माणसांना आजच फोन करून सांगा, कारण तुमचं नाव बघून ते बिनधास्त क्लिक करतील.