तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी मीच का चालवते

गणपतीत विचारलंत, दिवाळीच्या फराळाला विचारलंत, पुण्याला गेले तेव्हा जाऊबाईंनी चहाचा कप हातात देता देता विचारलं. "एवढी मोठी गाडी तुम्ही चालवता? आणि काका नुसते शेजारी बसतात?" कोणी कौतुकाने विचारतं, कोणी ह्यांच्याकडे बघून हसतं. मी दर वेळी "हो, जमतं आता" म्हणून विषय बदलते. आज बदलणार नाही. ह्यांना विचारूनच लिहितेय. "लिही," म्हणाले, "पण डोळ्यांचं नीट लिही. आंधळा झालो म्हणून पसरायला नको."

तर आधी डोळ्यांचं. ह्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे, जो ऑपरेशन केलं की सुटतो. ह्यांच्या प्रकारच्या काचबिंदूत दुखत नाही, खुपत नाही. नजरेचा मधला भाग बराच काळ चांगला राहतो आणि कडेकडेने दिसणं कमी होत जातं. तिथे काळा पडदाही दिसत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो आणि माणसाला वाटतं, तिथे काही नव्हतंच. अंधुक उजेडात हे जास्त जाणवतं. गेलेली नजर परत येत नाही. रोज रात्री थेंब घालून डोळ्यातला दाब उतरवायचा आणि उरलेली नजर टिकवायची, एवढंच हातात असतं. परवान्याच्या नूतनीकरणाला भिंतीवरचा तक्ता वाचायचा असतो, तो मधल्या नजरेने वाचता येतो. ह्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आम्ही दोघं त्या कागदावर विसंबलो.

2022 चा ऑक्टोबर. चोवीस फुटी मोटरहोम, पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे बिछाना, शेगडी, फ्रीज, संडास. अमेरिकेतलं नेवाडा राज्य ओलांडून युटातली झायॉन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, मग युटाच्या बारा नंबरच्या रस्त्याने कॅपिटल रीफ हे उद्यान, तिथून मॉन्युमेंट व्हॅली, असा बेत. ऑक्टोबरच का, तर वाळवंटातला उन्हाळा ओसरलेला असतो, वळिवाचे लोंढे बहुधा थांबलेले असतात आणि नदीकाठची कॉटनवुडची झाडं पिवळी धमक झालेली असतात. हे सगळं ह्यांनीच दोन वर्षं नकाशे पसरून ठरवलं होतं. गाडी हेच चालवणार, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. 1983 साली एका रिकाम्या पार्किंगमध्ये मला गाडी शिकवली ती ह्यांनीच.

झायॉनहून पूर्वेकडे निघालं की एक बोगदा लागतो. 1930 सालचा, एक मैलाहून थोडा जास्त लांब, डोंगराच्या पोटातून खोदलेला. तेव्हाच्या गाड्यांच्या मापाचा, त्यामुळे आमच्यासारखी रुंद गाडी मधोमध चालवावी लागायची. त्यासाठी पंधरा डॉलर भरले की रेंजर समोरची वाहतूक थांबवून ठेवायचे. आत दिवे नाहीत. मधेमधे खडकात खिडक्या कापल्यात, तिथून एकदम ऊन येतं आणि पुन्हा काळोख.

पहिल्या खिडकीनंतर ह्यांनी वेग इतका कमी केला की मागच्या गाडीचा दिवा आमच्या आरशात स्थिर झाला. मग म्हणाले, "मी दिवे लावलेत ना गं?"

लावले होते. समोरच्या भिंतीवर उजेड मला स्वच्छ दिसत होता. मी "हो" म्हटलं आणि पुढे काही बोलले नाही.

त्या "हो"वर मी अजून अडकून आहे. तेव्हाच "बाहेर पडलो की मी घेते" असं म्हणाले असते, तर पुढचं टळलं असतं. आजची मी त्या दिवशीच्या मला हे कितीदा तरी सुनावते. पण ती गप्प बसत नाही. ती म्हणते, बोगद्यात कोणालाही अंधारून येतं. ती म्हणते, एक्केचाळीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी डोळा लागेपर्यंत निश्चिंत बसलीस, त्याला एका प्रश्नावरून उठवायचं? आणि ती हेही म्हणते की तू स्वतः ही गाडी तोवर पार्किंगच्या बाहेर काढलेली नव्हतीस, उठवून करणार काय होतीस? यातलं काहीच खोटं नाही. तरी मी तिला माफ करू शकलेले नाही.

दोन दिवसांनी ब्राइसहून निघायला उशीर झाला. गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या होत्या, पाणी भरायचं होतं, त्यात दुपार गेली. एस्कलांटे गाव सोडलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. तिथून बोल्डर गावाकडे जाताना एक पट्टा आहे, त्याला हॉगबॅक म्हणतात. डोंगराची धार म्हणजे काय, ते तिथे कळतं. डाव्या हाताला काफ क्रीकची घळ, उजव्या हाताला बोल्डर क्रीकची, आणि दोन्हींच्या मधून खडकाच्या पाठीवरून दोन पदरी डांबरी रस्ता. कठडा नाही. पांढरी रेघ संपली की हातभर खडी आणि मग काहीच नाही.

सूर्य डोंगराआड गेला होता. आकाशात उजेड होता, पण रस्ता, खडी, खडक सगळं एकाच मातकट रंगाचं झालं होतं. मी उजवीकडे बसलेले, म्हणजे दरी माझ्या बाजूला. आधी आवाज बदलला. डांबरावरचा गुळगुळीत आवाज जाऊन खालून खडी तडतडायला लागली. मागच्या कपाटातल्या ताटल्या वाजल्या. मी खिडकीतून खाली पाहिलं तर मला पांढरी रेघ दिसेना, कारण ती आमच्या गाडीच्या खाली होती.

"अहो, डावीकडे!" मी ओरडले. ह्यांनी डावीकडे घेतली, जरा जास्तच, आणि करकचून ब्रेक लावला. गाडी दोन्ही पदरांवर तिरकी उभी राहिली.

इंजिन चालू. वायपरसुद्धा चालू झाले होते, हात लागला असणार. कोरड्या काचेवर घासत होते. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी वायपर बंद केले. ह्यांनी समोर बघतच सांगितलं, "मला काठ दिसत नाहीये."

"कधीपासून?"

उत्तर नाही.

"अहो, उठा."

उठले नाहीत. म्हणाले, "सरळ रस्ता आला की देतो." मी पुन्हा म्हटलं. मग ज्या आवाजात मी ह्यांच्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते, त्या आवाजात तिसऱ्यांदा म्हटलं. तो आवाज त्यांना लागला, अजून लागलेला आहे. तुम्ही जेव्हा हसून विचारता ना, काका शेजारी कसे, तेव्हा त्यांना तोच ऐकू येत असणार.

या गाडीत पुढच्या दोन सीटांच्या मधून मागे जाता येतं, खाली उतरावं लागत नाही. ह्यांनी गिअर पार्कवर टाकला आणि उठले. त्या दीड फुटाच्या जागेत आम्ही एकमेकांना घासून बाजू बदलल्या. त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिंब होती. बाहेर थंडी होती. मी बसले तर पाय पेडलला पुरेनात. सीट पुढे ओढायचा खटका कुठे आहे, तेही मला माहीत नव्हतं. त्यांनी वाकून, चाचपून तो ओढून दिला.

मागे एक पिकअप येऊन थांबली होती. तिच्यातून हॅट घातलेले एक म्हातारे गृहस्थ उतरून माझ्या खिडकीशी आले. मी काय सांगितलं आठवत नाही. एवढं आठवतं की त्यांनी ह्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि मला म्हणाले, मी पुढे जातो, माझे लाल दिवे धरून या, घाई नाही. मी गाडी आधी सरळ करून घेतली, मग ते पुढे झाले आणि चारही इंडिकेटर लावून बोल्डरपर्यंत माणूस चालतो तसे चालले. चार-पाच मैल. मी फक्त ते दोन लाल ठिपके पाहत होते. तोंडाने रामरक्षा चालली होती, तीही एकाच ओळीवर अडकलेली. बोल्डर हे एवढंसं गाव, एके काळी तिथलं टपालसुद्धा खेचरांवरून यायचं. त्या गृहस्थांनी आपल्या कुंपणापाशी आम्हाला रात्रभर थांबू दिलं.

कुकर लावला. बोलणं काहीच नाही. दही काढायला फ्रीज उघडला, तर मागे कोपऱ्यात श्रीखंडाचा रिकामा डबा होता. रिकामा डबा फ्रीजमध्ये कशाला, म्हणून ओढला. आत डोळ्यांच्या थेंबांच्या तीन बाटल्या, तिन्हींचं सील शाबूत. बेसिनवर उघडी बाटली मला रोज दिसायची. ती कधी संपत कशी नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ताटात मेतकूट-भात घेऊन हे बसले होते. मी डबा समोर ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "घातले की डोळे लाल होतात. सगळे विचारतात काय झालं. आणि दिसत होतं गं मला." थेंब वर्षाहून जास्त काळ कधी घातले, कधी नाही.

मी रागावले नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. मी खूप रागावले. थेंबांपेक्षा श्रीखंडाच्या डब्याचा राग आला. मी उघडणार नाही अशी जागा शोधून ठेवली होती.

लेकीचं म्हणणं, गाडी तिथेच सोडा आणि सॉल्ट लेकहून विमानाने या. तुमच्यापैकीही काहींनी नंतर विचारलं, तेव्हाच परत का फिरला नाहीत? डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांवर होती, फोनवर त्यांनी थेंब त्याच रात्रीपासून नियमित घालायला सांगितलं, घाईने घरी जाऊन जास्त काही होणार नव्हतं. हे कारण मी सगळ्यांना देते. दुसरं असं की ह्यांना जे बघायचं ते आताच बघायचं होतं, आणि ते मला न सांगता कळत होतं. तिसरं कारण कधी मोठ्याने बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उन्हात बोल्डर माउंटनचा नऊ हजार सहाशे फुटांपर्यंत जाणारा चढ मी चढवला आणि उतरवला, आणि ते मला आवडलं. उंचावर बसून एवढा मोठा मुलूख समोरून अंगावर येतो, ते मी इतकी वर्षं शेजारून बघत आले होते. ह्यांचा चेहरा उतरलेला आणि मला आतून बरं वाटतंय. याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

कॅपिटल रीफमध्ये फ्रुटा म्हणून जागा आहे. एकोणिसाव्या शतकात मॉर्मन वसाहतीने लावलेल्या फळबागा सरकारने जपल्यात. बागेत हवी तेवढी फळं फुकट खा, घरी न्यायची तर पैसे टाका. सफरचंदांचा शेवटचा बहर चालू होता. ह्यांनी समोरच्या फांदीवरचं फळ बरोब्बर हेरलं, हात पुढे केला आणि शेजारच्या शिडीच्या पायाला अडखळले. तेव्हा डॉक्टरांच्या सगळ्या आकृत्या मला एकदम समजल्या. पुढे मॉन्युमेंट व्हॅलीतही तसंच. दूरवरच्या सुळक्याच्या टोकावरची भेग मला दाखवतील, पण कोपरापाशी ठेवलेला कॉफीचा कप सांडतील.

तिथवर जायला हँक्सविलहून ब्लँडिंगपर्यंत जवळपास सव्वाशे मैल आहेत, मधे माणूस भेटेल तर भेटेल. खडकात कोरलेल्या पंपावर टाकी भरली आणि मी निघाले. हे शेजारी नकाशा घेऊन. वळणावर मागचा भाग किती बाहेर जातो, उतारावर ब्रेक दाबून न धरता गिअर खाली कसा घ्यायचा, सगळं त्यांनीच सांगितलं, न चिडता. मी चिडत होते. रात्री नऊचा गजर मी माझ्या फोनवर लावला. मॉन्युमेंट व्हॅली ज्यात येते तो नवाहो या मूळ रहिवाशांचा मुलूख मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत घड्याळ तासभर पुढे ठेवतो, बाकीचं ॲरिझोना ठेवत नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवर ॲरिझोनातल्या पेज गावी पोचलो तेव्हा फोन तासभर मागे गेला. गजराआधीच हे बाटली हातात घेऊन बसले होते. "तुझा फोन चुकतोय," म्हणाले.

किल्ली मी हिसकावून घेतली, असं कोणीतरी म्हटल्याचं माझ्या कानावर आलंय. आवाज चढवून घेतली, ते वर लिहिलंच आहे. पण घरी आल्यावर नजरेच्या क्षेत्राची तपासणी झाली, तिचे दोन कागद बघून ह्यांनी स्वतः आपली जोडकिल्ली काढून माझ्या कडीत अडकवली. दिवसा गावातल्या गावात चालवायला हरकत नाही का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. पुन्हा एकदा गप्पच बसले, फक्त या वेळी दुसऱ्या बाजूने.

यंदा त्यांना परत तिकडे जायचंय. फ्रुटाची मुक्कामाची जागा सहा महिने आधी धरावी लागते. म्हणतात, सकाळी दहाच्या उन्हात हॉगबॅकवरून जाऊ, तू चालव, जिथे जागा असेल तिथे थांबव, मला उतरून त्या काठाशी जायचंय. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "बघायचा राहिलाय."

एप्रिलमध्ये आरक्षण उघडेल. मी अजून हो म्हटलेलं नाही.