लाल रेघेच्या बाहेरचे ३ मिलीमीटर

संध्याकाळचे साडेसहा वाजलेले आणि मी फाईल पाठवून मोकळी झाले होते. एका फोटो प्रदर्शनाचं ४८ पानी पुस्तक, ए५ साईज (१४८ बाय २१० मिलीमीटर), सेंटर पिन म्हणजे मधोमध दुमडून पिना मारलेलं, जवळजवळ प्रत्येक पानावर कडेपर्यंत फोटो. तेवढ्यात छपाईकडून फोन, "ताई, फाईलला ब्लीड नाहीये, सकाळी ९ ला छपाईच्या प्लेट काढायच्यात." ब्लीड म्हणजे कापायच्या रेघेच्या बाहेरपर्यंत नेलेली जास्तीची छपाई, काप जरा सरकला तरी कडेला पांढरं दिसू नये म्हणून.

मी ठामपणे म्हणाले की अहो आहे, डॉक्युमेंट बनवतानाच ३ मिलीमीटर टाकलंय. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे टाकलं असेल हो, पण माझ्याकडे पान १४८ बाय २१० च आलंय, १५४ बाय २१६ यायला पाहिजे होतं."

बघितलं तर खरंच. इनडिझाइनमधे, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधे, ब्लीड सेट केलं तरी पीडीएफ काढताना डॉक्युमेंटचं ब्लीड वापरायची वेगळी टिक असते, ती मी केलीच नव्हती. टिक केली, परत काढली, पाठवली, वाटलं सुटले. दहा मिनिटांनी परत फोन. आता साईज बरोबर होती पण ३१ पानांवर कडेचे ते ३ मिलीमीटर पांढरे होते.

आणि हे मला त्या दिवशी खरं कळलं. स्क्रीनवर पानाबाहेर दिसणारी ती लाल रेघ म्हणजे ब्लीड नाही, ती फक्त जागा आहे, त्या जागेत फोटो आपण ओढून न्यायचा असतो. माझ्या फोटोच्या सगळ्या चौकटी पानाच्या रेघेवर अगदी काटेकोर थांबल्या होत्या, स्क्रीनवर इतकं नीट दिसत होतं की शंकाच आली नाही. चौकट ओढून मोठी करू म्हटलं तर त्यात फोटोच नाही, कारण फोटोशॉपमधे मी प्रत्येक फोटो बरोब्बर १४८ बाय २१० ला क्रॉप करून सेव्ह केलेला.

मग बसले रात्रभर. सोपा उपाय म्हणजे फोटो थोडा मोठा करणे, उंची २१० ची २१६ म्हणजे ३ टक्क्यांच्या आतच, ३०० पीपीआय (एका इंचात किती पिक्सेल ते) चं २९२ च्या आसपास होतं, त्याने छपाईत काही बिघडत नाही. पिनेच्या बाजूला ब्लीड लागत नाही कारण तिथे कापच नाही, म्हणजे वर, खाली आणि बाहेरची बाजू एवढंच. बावीस-तेवीस पानं अशी निघाली. पण मोठं केलं की कडेचं काहीतरी बाहेर जातंच, आणि एका फोटोत अगदी कडेला एका बाईंचा हात होता, सगळा फोटो त्या हातासाठीच काढलेला. तिथे मूळ न कापलेली फाईल शोधून परत रंग जुळवत बसले. तीन-चार फोटोंचं मूळच तेवढं होतं, त्यात गवत आणि आभाळ होतं म्हणून कडेची पट्टी उलटी आरशासारखी जोडली आणि मग फोटोशॉपच्या क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचाच भाग उचलून वर रंगवत, सांधा मिटवला. चेहरा किंवा अक्षरं असती तर हे अजिबात चाललं नसतं.

आणखी एक निघालं. क्रॉप मार्क, म्हणजे कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या कोपऱ्यातल्या बारीक काळ्या रेघा, त्यांचं पानापासूनचं अंतर इनडिझाइनमधे आपोआप २.११७ मिलीमीटर असतं, म्हणजे ३ च्या ब्लीडच्या आतच खुणा येतात, कटिंग जास्त सरकलं तर ती काळी रेघ पानाच्या कडेला दिसू शकते. ते ३ केलं. आणि काही पानांना मी कडेपासून २ मिलीमीटर आत बारीक बॉर्डर दिली होती, ती सरळ काढून टाकली. कटिंग १ मिलीमीटर सरकलं की एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३ दिसणार, डोळा ते लगेच पकडतो आणि त्यावर ब्लीडचा काही उपाय नाही.

सकाळी फाईल गेली, आणि दोन दिवसांनी कटिंगच्या वेळी मी स्वतः जाऊन उभी राहिले, मला बघायचंच होतं. कटिंगवाले काका गठ्ठा ठोकून सरळ करतात, मशीनखाली सरकवतात, वरून दाब येतो आणि मग पातं उतरतं. मी विचारलं, एवढं मशीन असून सरकतं कसं. ते म्हणाले, "कागद आहे, दाबल्यावर हलतो, हवेत ओल असली की फुगतो, वरचा कागद आणि खालचा कागद एकसारखा कापला जाईलच असं नाही." शिवाय पिन बाइंडिंगमधे एकात एक १२ कागद दुमडलेले, त्यामुळे मधली पानं बाहेर सरकतात आणि ती जास्त कापली जातात, आमच्या कागदाला हे साधारण १ मिलीमीटर होतं. मधल्या पानांवरचे पान नंबर कडेपासून ५ वर होते ते मी त्या रात्रीच ८ वर आत घेतले होते, नाहीतर ते कडेला चिकटलेले दिसले असते.

काकांनी न मागता शेजारच्या दुसऱ्या कामातलं बिनब्लीडचं एक कव्हर दाखवलं. गडद निळं, आणि एका कडेला केसाएवढी पांढरी रेघ. आख्खा गठ्ठा तसाच. डिझाइन सुंदर होतं, नजर मात्र त्या रेघेवरच जात होती.

आमचा पहिला गठ्ठा कापून झाल्यावर खाली पडलेल्या पट्ट्यांतली एक मी उचलली. जेमतेम ३ मिलीमीटर रुंद, तिच्यावर रात्री ३ वाजता जोडलेलं ते गवत होतं. मग पुस्तक घेऊन ४८ च्या ४८ पानांच्या कडा उजेडात एकेक करून बघितल्या, आणि त्या हाताच्या पानावर जरा जास्त वेळ थांबले. हात पूर्ण होता, रंग पार कडेपर्यंत गेलेला.