नोव्हेंबरची फेरी: वर शक्कर तलाव, खाली चंद्रभागा

पक्षीसप्ताह (५ ते १२ नोव्हेंबर) उरकल्यावर मुद्दाम चिखलदऱ्याला पक्षी बघायला गेलो, गर्दी ओसरते. परतवाड्याहून पहाटे पाचला गाडीला किक मारली. धामणगाव गढीच्या पुढे घाट लागला आणि हातमोज्यांतही बोटं आखडली. हजार मीटरच्या वरचं पठार ते. खाली अचलपुरात स्वेटरवर भागतं, इथे कानटोपीशिवाय दुर्बीण धरवत नाही.

बोटी सुरू व्हायच्या आत शक्कर तलाव गाठला. पाण्यावर वाफ, वाफेत काळे ठिपके. पहिला अर्धा तास भिंगावरचा स्वतःचाच श्वास पुसण्यात गेला. ठिपके निघाले टिबुकल्या आणि सात वारकरी (पाणपक्षी), कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यासकट. बदक एक नाही.

मागच्या वर्षी इथूनच हिरमुसून परतलो होतो. यंदा डोक्यात उजेड पडला: पाऊस लांबला, तलाव तुडुंब. चक्रांग, थापट्या, तलवार बदक ही मंडळी बुडी मारून चरत नाहीत. शेपूट वर करून चोच जिथवर पोचते तिथवरच त्यांचं ताट. काठाला उथळ पाणी नाही तर ती बसतील कशाला? तेव्हा पाण्याकडे पाठ केली आणि झाडांकडे वळलो. नीलांग मिळाला, या हंगामातला पहिला. सांडव्याशी करडा धोबी. शीळकरी कस्तुर नुसता ऐकला, म्हणून वहीत ‘ऐ’.

म्हशी घेऊन चाललेले एक गवळीबुवा थांबले. "का दिसून राह्यलं भाऊ?"
"बदकं शोधतो, काका."
"मंग इथं काऊन? धरणावर जा ना खाली!"
वर्षभराचा माझा अभ्यास त्यांनी एका वाक्यात उरकला.

दुपारी घाट उतरून चंद्रभागा धरण. ऊन पाठीशी येईल असा काठ धरला. एका बाजूला पाणी थोडं हटलेलं, आणि तिथेच चाळीसेक लहान बदकं. इथे माझी जुनी खोड: लहान आणि तपकिरी दिसलं की चक्रांग लिहून मोकळा. या दिवसांत कित्येक नरांचाही हिवाळी रंग पुरता चढलेला नसतो, त्यामुळे सगळीच मादीसारखी दिसतात. आता चेहरा आधी बघतो. डोळ्यावर फिकट भुवई, खाली गडद पट्टा, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असा रेखीव चेहरा असला तर भुवई बदक. चेहरा साधा आणि शेपटीच्या बाजूला फिकट रेघ असली तर चक्रांग. मान पंखात खुपसून झोपलेल्यांपुढे मात्र इलाज नाही. कळप उडेपर्यंत थांबायचं, आणि मी उडवत नाही.

चार वाजता कैकर, मासे मारणारा शिकारी पक्षी, आला तेव्हा अख्खा कळप आपणच उठला. मी नेमका चहाचा थर्मास उघडत होतो.

वहीत नोंद: चक्रांग २२, भुवई बदक ९, लहान बदक, अनिश्चित १०. गेल्या नोव्हेंबरच्या पानावर ‘चक्रांग ४५’ लिहिलंय, त्यापुढे आज पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.