तांब्याच्या तारेवरून फायबरवर येताना: माझा अनुभव

आमची वाडी कोकणातली. टेलिफोन एक्सचेंज तारेच्या वाटेने चारेक किलोमीटर. नकाशावर अंतर निम्मंच दिसतं, पण तार खांबाखांबाने वळसे घेत येते आणि एडीएसएलसाठी (टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट) तीच लांबी मोजायची. जाहिरातीतले 24 एमबीपीएस एक्सचेंजच्या शेजारी राहणाऱ्यांना. इथे 3 मिळाले तरी खूप.

फायबरचा अर्ज करण्याआधी मॉडेमच्या स्टेटस पानावर दोन आकडे पाहिले. लाइन अटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती क्षीण होतो तो आकडा, 55-60 डेसिबल असेल, तर दोष बहुधा लांबीचाच. नवा मॉडेम घेऊन पैसे घालवू नका. एसएनआर मार्जिन (गोंगाटावर मात करायला सिग्नलकडे उरलेली शिल्लक) उन्हाळ्यात ठीक आणि पावसात 6 च्या खाली जात असेल, तर कुठल्यातरी जोडात पाणी शिरलंय. जोड नवा करून घेता येतो. लांबीवर मात्र इलाज नाही, म्हणून फायबर.

खांबावरच्या डबीपासून घरापर्यंतची ड्रॉप केबल मोजताना दहा-पंधरा मीटर जास्त धरा. पुढे तुटली की हीच शिल्लक उपयोगी पडते. आंब्याच्या फांद्यांवरून केबल नेऊ देऊ नका. वाऱ्यात घासून आवरण जातं, माकडं ओढतात ते वेगळंच. केबलसोबतची स्टीलची तार भिंतीबाहेरच अडकवून तोडायला सांगा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, ही तार नेते.

जोडणीच्या दिवशी ‘नेट चालू झालं’ एवढ्यावर लाइनमनला सोडायचं नाही. पॉवर मीटरचं, म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग बघायचं. ते डीबीएममध्ये येतं आणि शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार. साधारण ओएनटी (फायबरच्या टोकाला घरात बसवतात तो डबा) उणे 27 डीबीएमपर्यंत तग धरतो, पण मी उणे 24 च्या आतच समाधान मानतो, कारण पुढे तुटलेली केबल जोडली की प्रत्येक जोड थोडं थोडं खातो. आमच्याकडे आधी उणे 26 आलं. अंतराला दोष देण्यात अर्थ नव्हता: फायबरमध्ये किलोमीटरला जेमतेम 0.35 डेसिबल जातात. 1:32 चा स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश 32 जोडण्यांत वाटणारा भाग) एकटाच 17 च्या आसपास घेतो, पण तो हिशेबात धरलेलाच असतो. त्यामुळे रीडिंग कमी आलं की संशय आधी वळणावर, मग कनेक्टरवर. इथे केबल खिडकीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबून खिळली होती. खिळे काढून ऐसपैस वळण दिलं आणि रीडिंग उणे 21 वर आलं. कनेक्टरचं टोक बोटाने पुसू नका, डोळ्यासमोरही धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण इजा करू शकतो. हिरवा कनेक्टर हिरव्यातच बसवायचा. निळ्यात तो घुसतो खरा, पण हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असल्याने नीट टेकत नाही आणि सिग्नल पडतो.

जुना फोन ओएनटीच्या टेलिफोन पोर्टला लागतो. मात्र तांब्याच्या तारेतून एक्सचेंजची वीज यायची, दिवे गेले तरी फोन चालायचा. ओएनटी घरच्या विजेवर चालतो. त्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक 12 व्होल्ट असतात, आणि तेवढाच मिनी यूपीएस जोडा. राउटर वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवाच.