दत्तकाच्या दोन फाइली

दुसऱ्या देशातून मूल दत्तक घेतोय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मुलगा की मुलगी?’ आणि लगेच दुसरा, ‘एवढी कागदपत्रं कशाला लागतात?’ पहिल्याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही. दुसऱ्याचं आहे, आणि ते मला नीट लिहायचंय.

आमच्या फाइलमध्ये आमचे जन्मदाखले आहेत, लग्नाचा दाखला आहे, पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासण्या, पगाराचे आणि बँकेचे दाखले, नात्यात नसलेल्या माणसांची शिफारसपत्रं, घराचे फोटो. आम्हा दोघांना काही झालं तर मूल कोण सांभाळेल, याचं लेखी संमतीपत्रही आहे. त्यावर दादा आणि वहिनीने सही केली. वहिनीने कागद दोनदा वाचला आणि मगच पेन उचललं. मला ते फार बरं वाटलं.

यातले बरेच कागद नोटरीकडून साक्षांकित होतात आणि मग त्यांवर अपोस्टिल लागतं, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून दिलेलं सरकारी प्रमाणपत्र. १९६१च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारातून ही सोय आली. त्याआधी एकेका कागदाला मंत्रालय, मग दूतावास अशी शिक्क्यांची साखळी लागायची, आणि करारात नसलेल्या देशांसाठी आजही लागते. अपोस्टिल सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. कागदात लिहिलेला मजकूर खरा की खोटा, याबद्दल ते काहीच बोलत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कागद गोळा करणाऱ्यांसाठी एक सांगते. ज्या कागदाची मुदत सर्वांत कमी, तो सर्वांत शेवटी काढायचा. जन्मदाखल्याला सहसा घाई नसते. पोलीस आणि डॉक्टरांचे कागद मात्र बाकीचे जमेपर्यंत शिळे होऊ शकतात.

होम स्टडीची, म्हणजे घराच्या आणि कुटुंबाच्या पाहणीची, आम्हाला धास्ती होती. सोशल वर्कर बाई घरी येतात, दोघांशी एकत्र आणि वेगवेगळ्या बोलतात. लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी व्हायची? तुमचं भांडण कशावरून होतं आणि मिटवतं कोण? दुसरं मूल का, आणि असंच का? १९९३च्या हेग दत्तक कराराच्या १५व्या कलमात अशा अहवालात काय काय हवं ते दिलंय : पालकांची पात्रता, कुटुंबाची आणि आजारपणाची पार्श्वभूमी, दत्तक घेण्यामागची कारणं, कोणत्या प्रकारच्या मुलाला ते सांभाळू शकतील. आमच्या लेकीशीही बाई एकट्या बोलल्या. बाहेर आल्यावर लेकीने मला एवढंच विचारलं, ‘आई, त्याला आपली भाषा येत नसेल तर त्याला भूक लागलीय हे मला कसं कळणार?’ त्या दिवसापासून ती ‘भूक’, ‘तहान’, ‘दुखतंय’ यांची चित्रं काढतेय. या सगळ्या तयारीत तिचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं.

सर्वांत जड गेला तो एकच तक्ता. त्यात आजारांची यादी असते आणि प्रत्येकापुढे हो, नाही, विचार करू. दुभंगलेला ओठ. हृदयाचा दोष. ऐकू न येणं. हिपॅटायटिस बी. आईने गरोदरपणात दारू घेतली असण्याची शक्यता. पोटच्या मुलाच्या वेळी असं कुणी विचारत नाही. ‘नाही’ लिहिताना एखाद्या खऱ्या मुलाच्या तोंडावर दार लावतोय असं वाटायचं. पण भरीला पडून ‘हो’ लिहायचं आणि मग ते निभवता यायचं नाही, याची किंमत त्या मुलालाच मोजावी लागली असती. आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे बसून एकेक ओळ समजून घेतली, कोणती शस्त्रक्रिया कधी करतात, काय आयुष्यभर सोबत राहतं. नवऱ्याची धाकटी बहीण लहानपणापासून कमी ऐकते, त्यामुळे त्या ओळीवर त्याने क्षणभरही विचार केला नाही. काही ओळींपुढे आम्ही ‘नाही’ लिहिलं. त्याबद्दल मी कुणाला स्पष्टीकरण देणार नाही.

पण ही झाली आमची फाइल. खरी महत्त्वाची फाइल दुसरी असते, मुलाची. ती आम्ही तयार करत नाही, आमच्याकडे ती तयार होऊनच येते. आणि एवढी कागदपत्रं कशाला, याचं उत्तर तिथे आहे.

त्याच दत्तक कराराचं चौथं कलम सांगतं की मुलाला त्याच्या स्वतःच्या देशात कुटुंब मिळू शकतं का, याचा आधी नीट विचार झालेला असला पाहिजे. संमती लेखी आणि स्वखुशीची हवी, पैसे देऊन मिळवलेली नको. आणि आईची संमती लागत असेल तर ती मूल जन्मल्यानंतरच घेतलेली हवी. हे शेवटचं वाक्य मी वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं. असं वाक्य लिहावं लागलं, म्हणजे जन्माआधीच सह्या घेतल्या जात होत्या.

२०२५च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने तिथून परदेशात दत्तक पाठवलेल्या मुलांबद्दल आपले निष्कर्ष मांडले. आईवडील माहीत असलेल्या मुलांची नोंद अनाथ म्हणून झाली होती, काहींची ओळखच बदलली होती. नेदरलँड्सने २०२१ मध्ये चौकशीत गैरप्रकार दिसल्यावर परदेशातून दत्तक घेणं थांबवलं. कोरियातली ती मुलं बिनकागदाची गेली नव्हती. त्यांच्याकडे कागद होते, फक्त मजकूर खोटा होता.

म्हणून आम्ही संस्थेला देण्यासाठी प्रश्न लिहून ठेवलेत. मूल संस्थेत कुणी आणलं? कधी? आजी-आजोबा, मामा, काका यांचा शोध घेतला का, कुणी घेतला? आईची संमती कोणत्या तारखेची, कुणासमोर? भावंडं आहेत का? पैसे कोणाला, कशासाठी जातात, याची पावती मिळेल का? सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, इतकं विचारलंस तर मूल द्यायचे नाहीत.’ त्यांची काळजी मला समजते. पण ज्या मुलाची आई त्याला शोधत असेल, ते मूल मला नको आहे. उत्तरं पटली नाहीत तर आम्ही नकार देणार, हे आम्ही दोघांनी मुलाचा फोटो येण्याआधीच ठरवून ठेवलंय, कारण फोटो पाहिल्यावर ते जमणार नाही.

मूल घरी आल्यावरही कागद संपत नाहीत. नागरिकत्वाचा तर मुळीच टाळायचा नाही. अमेरिकेत लहानपणी दत्तक गेलेली कितीतरी माणसं मोठेपणी नागरिकच नाहीत असं निघालं. पालकांनी ते काम केलंच नव्हतं, आणि आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २७ फेब्रुवारी २००१ रोजी लागू झाला तेव्हा त्यांची अठरा वर्षं उलटून गेली होती.

मुलाचे सगळे कागद मूळ भाषेतच मागायचे असं आम्ही ठरवलंय, नुसतं भाषांतर नको. भाषांतरात गावाचं नाव, दवाखान्याचं नाव, हस्ताक्षरातली एखादी नोंद गळून जाते. पुढे शोधायची वेळ आली तर नेमकी तीच लागेल.

हे वाचणाऱ्यांत कुणी स्वतः दत्तक गेलेलं असेल तर मला जरूर लिहा. मोठं झाल्यावर तुम्ही कोणता कागद शोधलात, आणि कोणता मिळाला नाही? संस्थेला द्यायच्या यादीत मला तो आत्ताच घालायचा आहे.