लेक्चर संपल्यावर उरलेल्या वेळाचं काय?

आठवड्याला दोन विषयांची लेक्चरं, एक लॅब, वर्षातून दोन मोठ्या सुट्ट्या. मग उरलेला वेळ तुम्ही करता तरी काय? मी कॉम्प्युटर सायन्स शिकवते असं सांगितलं की हा प्रश्न येतोच, कधी कधी विद्यार्थ्यांकडूनही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते, कारण विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन कप्पे असतात: शिकवणं ही नोकरी, आणि वेळ उरला तर संशोधन. माझं वर्ष असं दोन कप्प्यांत मावत नाही.

अल्गोरिदम, म्हणजे एखादं काम पायरीपायरीने करायची रीत, हा विषय मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी गुणाकारापासून सुरुवात करते. शाळेतल्या रीतीने हजार अंकी दोन संख्या गुणायच्या तर एकेका अंकाचे दहा लाख गुणाकार होतात. याहून फार कमी कष्टात हे जमणारच नाही, असा अंदाज रशियन गणितज्ञ आंद्रेय कोल्मोगोरोव्ह यांनी १९६० मध्ये मॉस्कोतल्या एका सेमिनारमध्ये मांडला होता. समोर बसलेल्या अनातोली करात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने आठवड्याभरात तो खोटा ठरवला. संख्येचे दोन-दोन तुकडे करायचे: एकीचे अ आणि ब, दुसरीचे क आणि ड. वरवर पाहता अक, अड, बक आणि बड असे चार गुणाकार लागतात. पण मधल्या पदाला अड आणि बक सुटे लागतच नाहीत, त्यांची बेरीज पुरते. आणि (अ+ब)(क+ड) मधून अक आणि बड वजा केले की नेमकी तीच उरते. चाराचे तीन झाले. हेच प्रत्येक तुकड्यावर पुन्हा पुन्हा केलं की दहा लाखांच्या जागी ढोबळमानाने ५७ हजार गुणाकार पुरतात.

हे फळ्यावर लिहून द्यायला दहा मिनिटं लागतात. वर्गाने ते स्वतः शोधावं यासाठी तासभर लागतो, आणि त्या तासाच्या तयारीला कितीतरी जास्त. कोणती संख्या आधी द्यायची, कुठे गप्प राहायचं, वर्ग अडला की किती इशारा पुरेल. ही तयारी वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. पण तीन गुणाकार सापडले की कुणीतरी हमखास विचारतं, "मग दोनच का नाहीत?" त्या एका प्रश्नासाठी मी हा सगळा खटाटोप करते.

कारण माझं संशोधन त्याच प्रश्नावर आहे. आम्ही त्याला खालची मर्यादा म्हणतो. एखादं काम अमुक कष्टांत होतं हे दाखवायला एक रीत सापडली की झालं. त्याहून कमी कष्टांत होणारच नाही हे दाखवायचं, तर अजून कुणाला न सुचलेल्या रीतींबद्दलही बोलावं लागतं. तुकड्यांच्या या मांडणीत दोन गुणाकारांनी भागत नाही, हे सिद्ध करता येतं. पण पूर्ण संख्यांच्या गुणाकाराचं काय? डेव्हिड हार्वी आणि योरिस व्हॅन डर हूवेन या गणितज्ञांनी २०१९ मध्ये करात्सुबाच्या कितीतरी पुढची रीत दिली. तिच्याही खाली जाता येतं का, हे आजही कुणी सिद्ध केलेलं नाही.

मधल्या महिन्यांचं वेळापत्रक परिषदा ठरवतात. आमच्या विषयात बरंचसं काम जर्नलआधी परिषदेत छापलं जातं. पेपर, म्हणजे शोधनिबंध, पाठवायची मुदत अनेकदा पृथ्वीवरच्या सगळ्यात मागच्या घड्याळावर, म्हणजे जागतिक वेळेच्या बारा तास मागे, मोजतात. त्या रात्री पीएचडीचे विद्यार्थी आणि मी एकेक लेमा, म्हणजे मोठ्या सिद्धतेतला छोटा टप्पा, पुन्हा तपासत बसलेलो असतो. मग दुसऱ्यांचे पेपर परीक्षणाला येतात. लेखकाचं नाव झाकलेलं, सिद्धता पानोपानी, आणि एका ओळीत "हे उघड आहे" असं लिहिलेलं. ते खरंच उघड आहे का, हे पाहण्यात माझे दोन दिवस जातात. ते जायलाच हवेत. २०१४ मध्ये न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या परिषदेने १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे दिले, आणि सुमारे एक चतुर्थांश पेपरांवर दोघींचे निर्णय जुळले नाहीत. पेपर नाकारला गेलेल्या विद्यार्थ्याला मी हा आकडा सांगते. परीक्षण लिहिताना मात्र तो मला स्वतःला आठवावा लागतो.

प्रशासकीय बैठका असतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

विद्यार्थ्यांची उत्तरं तपासणं मात्र बदललं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं, आणि तेव्हापासून घरी लिहून आणलेल्या सुबक उत्तरावरून मुलाला काय कळलंय ते सांगता येईनासं झालं. आता प्रत्येक असाइनमेंटवर मी थोडा वेळ समोरासमोर बसते. "ही ओळ काढून टाकली तर काय बिघडेल?" एवढंच विचारते. यात माझे आठवडेच्या आठवडे जातात, तरी या काही वर्षांत केलेला हा सगळ्यात चांगला बदल आहे असं मला ठामपणे वाटतं. बोलताना मूल जिथे अडखळतं तिथे त्याचा खरा विचार दिसतो, आणि पुढचं लेक्चर कुठून सुरू करायचं ते मला कळतं.

राहिली सुट्टी. सलग विचार करायला मिळतो तो तेव्हाच. यंदा वर्गातल्या दोन मुलींनी "दोनच का नाहीत?" हा प्रश्न मॅट्रिक्सच्या, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या, गुणाकाराकडे नेला. दोन बाय दोनचं उत्तर पक्कं आहे: जर्मन गणितज्ञ फोल्कर श्ट्रासेन यांनी १९६९ मध्ये आठऐवजी सात गुणाकारांत काम केलं, आणि सहांत ते होत नाही हे दोन वर्षांत सिद्ध झालं. मग तीन बाय तीन? २३ पुरतात हे १९७६ पासून माहीत आहे, १९ पेक्षा कमी चालत नाहीत हे २००३ मध्ये सिद्ध झालं. मधल्या आकड्यांचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना तसंच सांगितलं: कुणालाच माहीत नाही. निकाल लागले की आम्ही तिघी १९ ची सिद्धता ओळीओळीने वाचणार आहोत. ती २० साठी नेमकी कुठे तुटते, ते आम्हाला पाहायचंय.